मदत हवी: फोर बाय फोरसाठी चिखलात टिकेल असा जॅक कोणता घ्यावा? (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

जुनी थार सीआरडीई आहे, फोर बाय फोर, पाठीमागं पाटे (लीफ स्प्रिंग) आणि पुढं इंडिपेंडंट सस्पेन्शन, म्हणजे दोन्ही चाकं वेगवेगळी हलतात. मूळचे टायर २३५/७० आर १६, आता २४५/७५ आर १६ घातलेत, म्हणजे चाकाचा व्यास ७३५ मिमीवरनं ७७४ च्या आसपास गेला. गाडी शहरात कमी आणि गगनबावडा, दाजीपूर, आंबा ह्या पट्ट्यातच जास्त असते. तिकडं पावसाळ्यात पंक्चर झालं तर कुठला जॅक बरोबर असावा हे काय ठरत नाहीये, ज्यांनी खरंच चिखलात चाक बदललंय त्यांनी सांगा.

गाडीबरोबर आलेला जॅक डांबरी रस्त्यावर व्यवस्थित चालतो, त्याबद्दल तक्रार नाही. अडचण आहे साइडपट्टीच्या मातीची. मागच्या पावसाळ्यात भुईबावड्याच्या अलीकडं पाठीमागचं चाक बसलं, जॅक लावून फिरवायला लागलो तर गाडी वर यायच्या ऐवजी जॅकचं बूडच लाल मातीत उतरायला लागलं, तेही एका बाजूनं जास्त, त्यामुळं जॅक तिरका व्हायला लागला आणि आम्ही लगेच खाली घेतला. उसाच्या ट्रॅक्टरवाल्या एका मामांनी ट्रॉलीतली जाड फळी दिली म्हणून काम झालं. तेव्हापासनं हा विषय डोक्यात आहे, कारण गाडीत घरची माणसं असतात आणि तिकडं अंधार पडल्यावर मदत मिळेलच असं नाही.

दुकानात गेलं की पहिला प्रश्न "किती टनाचा देऊ?" माझ्या मते टनाचा मुद्दाच नाही इथं. आपण एक कोपरा उचलतो, त्यावर चार-पाचशे किलो येत असतील, दोन टनी जॅकलाही ते जड नाही. खरा हिशोब उंचीचा आणि बुडाचा. बॉटल जॅक (बाटलीसारखा उभा, तेलाच्या दाबावर चालणारा) घेतला तर त्याचं बूड धरा दहा बाय दहा सेंटिमीटर, पाचशे किलोला दर चौरस सेंटिमीटरवर पाच किलो दाब, ओली माती तिथंच हार मानते. खाली तीस बाय तीसचा पाट ठेवला तर तोच दाब अर्ध्या किलोच्या जवळ येतो. पण पाट जाड घेतला की जॅक सरकवायची जागा जाते, आणि पंक्चर चाकाला जागा आधीच कमी. ह्या टायरची साइडवॉल (रिमपासनं वरची रबराची उंची) १८४ मिमी, हवा पूर्ण गेली की हौसिंग (मागच्या दोन चाकांमधली अॅक्सलची लोखंडी नळी) सव्वाशे-दीडशे मिमी खाली येतं. ते सगळं परत उचलायचं आणि वर भरलेली स्टेपनी बसायला दोन बोटं जागा पाहिजे, म्हणजे एकूण १८० मिमीच्या आसपास उचल लागते. मी बघितलेल्या साध्या बॉटल जॅकची तेलावरची उचल ११०-१२०, वरचा स्क्रू ५०-६०, आणि स्क्रू आधीच बाहेर काढला तर जॅक खाली शिरतच नाही. मग अर्ध्यात गाडी टेकवून, गुटका घालून दुसऱ्यांदा उचलायची, चिखलात ते मला नको वाटतं.

म्हणून डबल रॅमवाला (रॅम म्हणजे वर येणारा दांडा), दोन टप्प्यात उघडणारा बॉटल जॅक घ्यावा असं मन होतंय. मिटल्यावर बुटका आणि उचल जास्त. कोण वापरतंय का? सील किती टिकतात?

फार्म जॅकचा (उंच पट्टीवर दांड्यानं चढत जाणारा) सल्ला बऱ्याच जणांनी दिला. दिसायला भारी आहे, अडकलेली गाडी काढायला उपयोगी हेही मान्य. पण तो बंपर नाहीतर स्लायडरला (दाराखालच्या मजबूत पाइपला) लावायचा, म्हणजे आधी पाटे खाली सुटत जाणार आणि चाक सुटायला गाडी बरीच वर न्यावी लागणार, एवढी वर गेलेली गाडी बाजूला डुलते. उतरवताना दांडा हातातनं सुटला तर तोंडावर येतो. वजन बारा-तेरा किलो. वडील किंवा बायको गाडी घेऊन गेले तर त्यांच्या हातात मी हे देणार नाही. हौसिंगखाली जॅक लावला की चाक लगेच उचलतं, डिफरन्शियलच्या (दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या गियरच्या) गोळ्याला न लावता पाट्याच्या यू बोल्टच्या जवळ लावला की झालं, त्यामुळं पाठीमागं बॉटलच बरा.

पुढच्या चाकाला मात्र गोंधळ आहे. चॅसीला लावला तर उचल पुरत नाही, खालच्या आर्मला (चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्याला) लावावा तर तो तिरका आणि जॅकचं डोकं लहान गोल, घसरायची भीती. उद्यमनगरातनं व्ही खाचेची टोपी लेथवर करून घ्यायचा विचार आहे, रॅमला वेल्डिंग न करता नुसती वर बसणारी. तिथनंच ६ मिमी पत्र्याची तीस बाय तीसची प्लेट कापून, तिच्यावर जॅकचं बूड बसेल अशी रिंग मारून घेणार. चार किलोच्या वर जाईल, पण फळीसारखी जागा खात नाही. कुणी असं केलंय का, प्लेट वाकते का?

भर: वर एकांनी विचारलंय की जॅकवर गाडी सरकू नये म्हणून गियरमध्ये ठेवली की पुरे ना. नाही दादा. टू व्हील ड्राइव्हमध्ये मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळं ते हवेत फिरू शकतं, मग गियर गाडी धरत नाही. हँडब्रेक ओढायचाच आणि तिरप्या समोरच्या चाकाला दोन्हीकडनं दगड लावायचे. नट जमिनीवर असतानाच अर्धा आटा ढिले करायचे. आणि जॅक अजिबात शिरत नसेल तर बसलेलं चाक हळूच चपट्या दगडावर चढवून घ्यायचं, दोन इंच तरी मिळतात.

डबल रॅम जॅक असेल त्यांनी एवढं मोजून टाका: पूर्ण मिटल्यावरची उंची, पूर्ण उघडल्यावरची उंची, बुडाचं माप. आणि गाडीत तो उभा बांधता की आडवा, आडव्यात तेल गळतंय का तेही लिहा. ह्या रविवारी प्लेट करायला टाकायची आहे, बुडाचं माप मिळालं तर रिंग त्याच मापाची करून घेतो.