बसची बॅटरी टपावर की पोटात? सोलापूरचं ऊन धरून सांगा

निवृत्त_फिटर
नमस्कार मंडळी. सिटी बसच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं काढली, सगळी डिझेलवर. भाचा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टला नऊ मीटरची इलेक्ट्रिक बस काढायलाय, खास सोलापूरसाठी. पठ्ठ्यानं अख्खी बॅटरी टपावर चढवलीय. खालची जागा मोकळी होते म्हणे. मी म्हटलं, बाळा, मे महिन्यात दुपारी दोनला टपावर चढलायस का कधी? आम्ही गोणपाट भिजवून अंथरायचो, त्यावर गुडघे टेकायचो, तरी पँटमधून चटका बसायचा. उन्हात राहिलेला पाना फडक्याशिवाय धरता यायचा नाही. तिथं टनभर बॅटरी ठेवणार? तो म्हणतो, मामा, तुमचं डिझेलचं डोकं. दोन दिवस घरात हाच वाद. बहीण म्हणते, जेवताना तरी बसमधून उतरा.

पुण्याला लेकीकडं गेलो की तिथल्या इलेक्ट्रिक बसमध्ये बसतो, 2019 पासून चालतात त्या. आवाज नाही, धूर नाही, मान्य. पण पुण्याचं ऊन आणि आपलं 44 एकच का? जाणकारांनी सांगावं.

शेळगीकर_चाकण
काका, मूळचा शेळगीचा, पोटापाण्यासाठी चाकणला. बसच्या बॅटरी-कूलिंगवरच काम करतो.

भाचा अगदीच चुकलेला नाही. टपावर बॅटरी असलेल्या बस जगभर धावतात. बसमध्ये बहुतेक ठिकाणी एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल घालतात. वजनाला जड, पण तापण्याच्या बाबतीत सोशिक. तरी सेलला 20 ते 35 अंश मानवतं. 45 च्या वर रोज ठेवलं तर आयुष्य झपाट्यानं घटतं. म्हणून सेलखाली प्लेट असते, तिच्यातून कूलंट फिरतं आणि ते कूलंट एसीच्या गॅसवर गार होतं. तेव्हा रेडिएटर, होज, क्लिप यातून तुमची सुटका नाही.

खरी मेख एसीची आहे. हिशोब मांडतो. 150 युनिटची बॅटरी धरा, त्यातले 120 वापरायचे. एसी बंद असताना किलोमीटरला 0.8 युनिट धरलं तर 150 किलोमीटर झाले. आता एसी चालू. तो किलोमीटरवर खात नाही, तासावर खातो. तासाला 8 युनिट धरा. नवी पेठ, बाळीवेस, कन्ना चौक असं रडतखडत तासाला 15 किलोमीटर गेलात तर किलोमीटरला अर्धं युनिट एसीचंच. दीडशेचे नव्वद झाले की! तीच गाडी होटगी रोडला तासाला 30 नं पळाली तर तोच खर्च निम्मा. भाच्याला म्हणावं, आधी रूट ठरव, मग बॅटरी.

निवृत्त_फिटर
हे पटलं. चार्जिंगला उष्णता होते ती वेगळी का?

शेळगीकर_चाकण
होय, आणि ती करंटच्या वर्गानं वाढते. करंट दुप्पट केला की उष्णता चौपट. दुपारी तीनला तापून आलेली गाडी मोठ्या चार्जरला लावली तर बीएमएस, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, स्वतःच करंट कमी करते, म्हणजे घाई करून उपयोग शून्य. रात्री 60 किलोवॅटवर लावा, सव्वादोन-अडीच तासांत काम होतं. आणि दिवसा उभ्या गाड्यांवर पत्र्याची शेड हवीच. ड्रॉइंगमध्ये शेड कुणी काढत नाही.

जुळे_सोलापूरची
तुमचं बॅटरीचं चालू द्या, पण पायरी किती उंच ते कुणी विचारलंच नाही! आमच्या सासूबाई लक्ष्मी मार्केटातून भाजीची पिशवी घेऊन चढतात तेव्हा कंडक्टर वरून पिशवी ओढतो, मी खालून सासूबाईंना ढकलते. मागच्या श्रावणात निऱ्या पायाखाली येऊन पहिल्याच पायरीवर बसल्या. वांगी रस्त्यावर. बॅटरी पोटात घालून गाडी अजून उंच करणार असाल तर राहू द्या तुमचं ते.

शेळगीकर_चाकण
ताई, बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. बॅटरी चॅसीच्या मधे बसवली की फ्लोअर 900 मिलीमीटरवर जातो, सोपं आणि स्वस्त. लो फ्लोअर म्हणजे 400. तेवढं खाली यायचं तर बॅटरीला मागं नाहीतर वर जावंच लागतं. मधला मार्ग लो एन्ट्रीचा. पुढचा अर्धा भाग खाली, मागं आत दोन पायऱ्या, बॅटरी त्यांच्याखाली आणि जिथं पूर्वी इंजिन होतं तिथं. एअर सस्पेन्शन असेल तर थांब्यावर हवा सोडून गाडी दाराकडे दोन-अडीच इंच झुकतेही. फक्त काका, खालच्या पेट्यांना आपले स्पीडब्रेकर घासू देऊ नका. पाण्याची भीती त्या मानानं कमी. आयपी67 ची, म्हणजे धूळ-पाणी आत न घेणारी पेटी मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरते.

निवृत्त_फिटर
आमच्या वेळी एका गल्लीतल्या ब्रेकरनं तेलाचा चेंबरच फोडला होता, सगळं तेल रस्त्यावर. तेव्हा ते सांगूच नका.

काल रात्री भाच्याला हे सगळं वाचून दाखवलं. तोंड वाकडं केलं, पण खोडरबर घेतलं. टपावर आता फक्त एसी, तोही पांढऱ्या झाकणाखाली. बॅटरी मागं, पुढं लो एन्ट्री. ताईंच्या सासूबाईंसाठी दारापाशी पिवळी दांडी काढलीय, मी सांगायच्या आधीच. मी एकच भर घातली. मागच्या बाजूला टपावर जायची शिडी काढायला लावली. म्हणतो, मामा, वर आता आहे काय? म्हटलं, एसी काय खालून दुरुस्त करणार का बे?