‘पेढीवर’, पण ‘बँकेत’: असं का?

हॉर्निमन सर्कलजवळची बँक ऑफ बॉम्बेची जुनी इमारत पाहताना प्रश्न पडला. हिला मराठीत ‘पेढी’ म्हणता येईल का? की पेढी फक्त सराफ-सावकारांची?

— व्यवहार तोच. ठेवी घ्यायच्या, कर्ज द्यायचं. पण आपण ‘पेढीवर’ जातो आणि ‘बँकेत’ जातो. ‘वर’ आणि ‘त’, यांतच सगळं आलं. पेढी ही मुळात बसायची जागा. पीठ, पीठिका यांच्याच घराण्यातला शब्द. गादी घातली, लोड टेकला, वही उघडली की झाली पेढी. दगडी भिंतींची गरज नाही.

— मग ‘बँक’ म्हणजे इमारत?

— गंमत तिथेच आहे! इटालियन ‘बांको’ म्हणजेही बाकच. त्यावर बसून सराफ नाणी मोजायचे. आणि शाळेतला आपला ‘बाक’ पोर्तुगीजांकडून आला, तो याच कुळातला. म्हणजे बँक, बाक आणि पेढी, तिघींचा (बाकाला माफी) अर्थ आसनच. ‘बँक’ आपल्याकडे पोचेपर्यंत तिला खांब आणि पायऱ्या फुटल्या होत्या, म्हणून ‘बँकेत’.

— पण बुडते मात्र दोन्ही. पेढी बुडाली, बँक बुडाली, क्रियापद एकच.

— बरोबर, आणि बँक ऑफ बॉम्बे तर खरोखरच बुडाली होती. स्थापना 1840ची. 1861मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस विलायतेला जाईना, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा बॅक बेचा समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या आणि असल्याच कंपन्यांच्या शेअरांत गेला. बँकेने त्या कागदांवर कर्जं दिली. 1865मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले. 1868मध्ये बँक मोडीत निघाली आणि त्याच वर्षी नव्याने उभी राहिली. 1921मध्ये ती इम्पीरियल बँकेत मिसळली, 1955मध्ये तिची स्टेट बँक झाली. ‘दिवाळं’ला इंग्रजीत जो ‘बँकरप्सी’ शब्द आहे, तोही इटालियन ‘मोडलेला बाक’च.

— बँकेसाठीचा ‘अधिकोष’ हा सरकारी शब्द राहिलाच की.

— तो परिभाषाकोशातच सुखी आहे. ‘अधिकोषात जाऊन येतो’ असं कोणी म्हटल्याचं ऐकलंय?

— मग पेढी संपली म्हणायची?

— कुठे? पतपेढी, रक्तपेढी, नेत्रपेढी! फक्त एक बघा: ‘रक्तपेढीवर’ कोणी जात नाही, ‘रक्तपेढीत’ जातात. ‘वर’ गेला, ‘त’ आला.