बेघर बायकांना आपल्याकडं काय काय म्हणतात? (बॅग लेडी, भटकभवानी वगैरे)

पंचगंगाकाठ:
मंडळी एक शंका. काल इंग्लिश सिरीज बघत होतो, त्यात एका म्हातारीला सगळे 'बॅग लेडी' म्हणत होते, मला वाटलं पर्सबिर्स विकत असंल. आपल्यात असले शब्द कुठले? आजी 'भटकभवानी' म्हणायची, पण ते बहिणीला, क्लासवरनं उशिरा आली की.

तांबडा_पांढरा:
पर्स विकणारी 😂 भावा ते मूळचं 'शॉपिंग बॅग लेडी', अमेरिकेतलं, सगळा संसार पिशव्यांत घालून रस्त्यावर राहणारी बाई. आपल्या स्टँडवर एक हाय बघ, साडीच्या दुकानाच्या सात-आठ पिशव्या, एक बोचकं, त्यातनं पातेल्याचा कान बाहेर आलेला. चहावाले तिला सरळ 'येडी' म्हणत्यात, येडबिड काय न्हाई, सुट्टे पैसे बरोबर मोजून घेती.

राजारामपुरी_७वी_गल्ली:
भटकभवानी म्हणजे बेघर नव्हेच, घर असून घरात न टिकणारी. गंमत बघा, बाप्या फिरला तर 'फिरस्ता', कसं भारी वाटतं, आणि बाई फिरली की 'उठवळ', डायरेक्ट चारित्र्यावरच. इंग्लिशमधे पण तेच, 'ट्रॅम्प' पुरुष असला तर भटक्या आणि बाई असली तर चवचाल. नवऱ्यानं हाकलली तरी 'टाकलेली' तीच, टाकणाऱ्याला शब्दच नाही 😡 कागदोपत्री 'परित्यक्ता' लिहितात एवढंच.

जुना_बुधवार:
जोगतिणीला कुणी यात घालू नका हां. परडी घेऊन जोगवा मागती म्हणजे भिकारीण न्हवं, ती यल्लम्माची, सौंदत्तीची वारी करणारी, बऱ्याचजणींना घर असतंय. आता कायद्याला हे कळतंय का तर न्हाई, १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा वाचा, पोटापाण्याचं साधन दिसत न्हाई आणि भिकंवर जगत असंल असं वाटण्यासारखं सार्वजनिक जागी फिरतंय, एवढ्यावर माणूस भिकारी ठरतंय. 'बेवारस' म्हणजे खरं तर वारस नसलेला, पण आपण मेलेल्याला बी म्हणतो, लावलेल्या गाडीला बी आणि हिलाबी.

पंचगंगाकाठ:
आईशप्पथ, ट्रॅम्पचं म्हाईत न्हवतं. मग त्या स्टँडवरच्या आजींना काय म्हणायचं?

तांबडा_पांढरा:
मी मावशी म्हणतो. परवा पाऊस आला म्हणून तिची एक पिशवी आडोशाला सरकवाय गेलो तर हातावर फाटकन चापट. मग स्वतःच सगळ्या एकेक करून सरकवल्या, मोजून.