एसयूव्हीच्या ब्रेक डिस्क कधी बदलल्या, कशा बदलल्या? बेळगाव-खानापूर-निपाणीकरांनो, अनुभव लिहा

धागाकर्ता, बेळगाव

पावसाळा सरला की बेळगावच्या गॅरेजांत ब्रेकच्या कामांची रांग लागते. आपल्याकडं कुठंही जायचं म्हटलं तरी घाट आडवा येतो. गोव्याला चोर्ला नाहीतर अनमोड, सावंतवाडीला आंबोली, कोल्हापूरला तवंदी. परवा माझ्या स्कॉर्पिओचं सर्व्हिसिंग चालू असताना मेस्त्रीनं पुढच्या डिस्क प्लेटवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "काठ आलाय, दोन्ही बदला." काठ होता, खोटं नाही. पण ब्रेक दाबला की डिस्कवर घासणारा पॅड जिथं पोचत नाही तिथं लोखंड शिल्लक राहतं, तोच काठ. जुन्या डिस्कला तो येणारच. मी टॉर्च मारून डिस्कच्या मधल्या उंचवट्यावर शोधलं, तारेच्या ब्रशनं गंज काढला, तेव्हा 'मिन टीएच', म्हणजे किमान जाडी, अशी ओतीव अक्षरं आणि पुढं मिलिमीटरचा आकडा सापडला. मोजली तर जाडी त्या आकड्याच्या बरीच वर. पॅड बदलले, डिस्क ठेवल्या. मेस्त्री जरा नाराज झाला, खरं चहा त्यानंच पाजला.

तुम्ही कशावरून ठरवलं, कसं करून घेतलं, घाटात काय जाणवलं, ते लिहा. नुसते किलोमीटर सांगू नका. सपाट हायवेवर पळालेली डिस्क आणि कणकुंबी-साखळी करणारी डिस्क यांची बरोबरीच होत नाही.

उद्यमबागवाला

माझं लेथचं काम आहे, डिस्क फेस मारायला, म्हणजे लेथवर तासून सपाट करायला, रोज येतात. म्हणून जरा लांब लिहितो.

पहिलं मोजण्याचं. बहुतेक जण व्हर्नियर डिस्कच्या कडेवरून सरळ चढवतात. त्याचे जबडे काठावर टेकतात आणि न झिजलेल्या लोखंडाची जाडी दाखवतात. आकडा बघून गिऱ्हाईक खूश, डिस्क मात्र आत खोलगट झालेली. मायक्रोमीटर पाहिजे, आणि तो काठाच्या आत, पॅड घासतो त्या पट्ट्यात लावायचा. गोल फिरवत सात-आठ जागी मोजायचं. सगळ्यात कमी येईल तोच खरा आकडा. पुढच्या हवेशीर डिस्कला, म्हणजे मध्ये पाती असलेल्या डिस्कला, नवी जाडी आणि किमान जाडी यांत साधारण दोन-तीन मिलिमीटरचंच अंतर असतं. म्हणजे झिजायला एका बाजूला एक-दीड मिलिमीटर. एवढंच.

आता फेस मारायचं. चरे आहेत, थरथर आहे, तर लेथवर दोन्ही बाजूंनी हलका हात मारून डिस्क सरळ होते. पण फेस मारल्यावर उरणारी जाडी किमान आकड्याच्या वर, आणि तीही पुढच्या पॅडच्या आयुष्याला पुरेल इतकी वर पाहिजे. किमान आकड्याला टेकलेली डिस्क कुणी आणली तर मी काम घेत नाही. शंभर-दोनशेसाठी लोक वाद घालतात. घालू देत.

पातळ डिस्क का नको, तर डिस्कचं काम उष्णता पोटात घ्यायचं आहे. ब्रेक गाडीची शक्ती कुठं घालवत नाही, तिची उष्णता करतो. हिशोब करा. दोन टनांची भरलेली गाडी अर्धा किलोमीटर उंची उतरते, तेव्हा होणारी उष्णता सुमारे तीस लिटर पाणी उकळीला आणेल. आंबोली साधारण 690 मीटरवर आहे, आणि सावंतवाडी कुठं खाली ते तुम्हाला माहीत आहे. यातलं थोडं इंजिन घेतं, थोडं वारा घेतो, बाकीचं पुढच्या दोन डिस्कवर. लोखंड कमी म्हणजे तीच उष्णता डिस्कला जास्त तापवते, तिथून पॅड, पॅडमधून ब्रेक ऑइल. शिवाय डिस्क आणि पॅड दोन्ही झिजले की कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीचा, पिस्टन नको तितका बाहेर येतो.

चोर्ला वारीवाला

कामानिमित्त पणजीला सारखं जाणं-येणं. घाट उतरून साखळीच्या सपाट रस्त्याला लागलं की ऐंशीवरून ब्रेक दाबताना स्टेअरिंग थरथरायचं. सकाळी बेळगावातून निघताना काही नाही. एका गॅरेजमध्ये "डिस्क वाकल्यात" असं निदान झालं आणि नव्या डिस्कचं कोटेशन हातात आलं.

दुसऱ्या ठिकाणी दाखवलं. तिथल्या पोरानं डायल गेज लावून डिस्क हातानं फिरवली. काटा एका बाजूला जास्त सरकत होता. साधारण 0.05 ते 0.1 मिलिमीटरपर्यंत चालतं म्हणतात, माझं त्याच्या पुढं होतं. मग त्यानं डिस्क काढली आणि मला हब दाखवला. डिस्क जिथं चपखल बसते त्या तोंडावर गंजाचा पापुद्रा, एका बाजूला नखानं जाणवेल इतका जाड. त्यावर डिस्क बसली की ती तिरकीच फिरणार. तिरकी फिरली की पॅड प्रत्येक फेरीला एकाच जागी घासतात आणि जाडी कमी-जास्त होते. हब घासून स्वच्छ केला, डिस्क परत लावली, काटा जवळजवळ स्थिर. हलका फेस मारून घेतला. थरथर गेली, नवी डिस्क लागलीच नाही.

एक खूण सांगतो. स्टेअरिंग थरथरलं तर बहुतेक पुढचं काम. स्टेअरिंग शांत आणि सीट-पेडल थरथरतंय, तर मागं बघा.

केए 23

आमच्या बोलेरोला मागं ड्रम. म्हणजे आम्हाला निम्माच धागा लागू. वाचतोय.

खानापूरकर

जांबोटी भागात शेत आहे, तांबड्या चिखलातून गाडी नेल्याशिवाय इलाज नाही. आमच्याकडं डिस्क जाते ती घाटापेक्षा चिखलानं. चाकाच्या जाळीतून बघितलं तर बाहेरची बाजू आरशासारखी. म्हणून सगळं ठीक समजत होतो. डाव्या चाकातून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज यायला लागला तेव्हा चाक उतरवलं. आतल्या बाजूचा पॅड पार पत्र्यापर्यंत गेलेला, आणि त्या पत्र्यानं डिस्कच्या आतल्या अंगावर नांगराचे तास पाडावेत तशा चऱ्या पाडलेल्या. बाहेरचा पॅड अर्ध्याहून जास्त शिल्लक.

कारण कॅलिपरची सरकणारी पिन. रबरी टोपी फाटली, चिखलाचं पाणी आत गेलं, पिन अडकली. पिस्टन आतला पॅड दाबतो, कॅलिपर सरकून बाहेरचा दाबायला पाहिजे, तो सरकेचना. सगळा भार आतल्यावर. डिस्क बदलावीच लागली, दोन्ही बाजूंच्या. पण पिन तशीच ठेवून नुसती डिस्क घातली असती तर पुढच्या पावसाळ्यात परत तेच. नव्या टोप्या आणि सिलिकॉनचं ग्रीस. डब्यातलं साधं चाकाचं ग्रीस नको, त्यानं रबर फुगतं. आता पावसाळा संपला की पिना काढून बघायच्याच, असं गॅरेजवाल्याला सांगून ठेवलंय.

शहापूरची ताई

माझं माहेर सावंतवाडीला. आंबोली मी स्वतः चालवते, आमचे हे शेजारी बसून सूचना देतात. उतरताना दुसरा गिअर, नाहीतर तिसरा. ब्रेकवर सतत पाय नाही. दाबायचा, वेग उतरवायचा, सोडायचा. एवढं पाळूनही उजवीकडची डिस्क किमान आकड्याला टेकली. गॅरेजमध्ये म्हणाले, "मॅडम, एकच बदलू, डावी अजून चालेल." मी नाही म्हटलं. एकाच ॲक्सलवर एक जाड नवी आणि एक पातळ जुनी असली की दोन्हीकडची पकड आणि तापणं सारखं राहत नाही, आणि ओल्या घाटात गाडी एका बाजूला ओढलेली मला नको. जोडीनंच बदलल्या, पॅडही नवे. जुने पॅड जुन्या डिस्कच्या आकारात झिजलेले असतात, ते सपाट डिस्कवर पूर्ण टेकत नाहीत. पॅड-मजुरी धरून बिल पाच आकड्यांत गेलं नाही. फार आरडाओरडा करण्यासारखं काम नाही हे.

नव्या डिस्कला गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो. तो ब्रेक क्लीनरनं पुसला की नाही, हे मी उभं राहून बघितलं. पॅडनं एकदा तेल पिलं की गेलं काम.

नंतर सकाळी लवकर, मोकळ्या हायवेवर, साठच्या वेगावरून मध्यम दाब देत वीसवर आणायचं, पूर्ण थांबायचं नाही, थोडं पळवून डिस्क थंड होऊ द्यायची आणि परत. आठ-दहा वेळा. पॅडचा सारखा थर डिस्कवर बसतो. हे न करता तडक घाटात गेलात आणि तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभे राहिलात, तर पॅडचा ठसा एकाच जागी उमटतो आणि मग "डिस्क वाकली" म्हणत फिरायचं.

निपाणीकर

ताई, मेस्त्रीसमोर उभं राहायचं हे लई बेस्ट. आम्ही चहाला जातो आणि तिकडं काय होतंय बघतच नाही.

आमच्याकडं ऊस चालू झाला की रात्री ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या, मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही. तवंदी घाटात अचानक पुढं उभा डोंगर. तिथं दाबलेला ब्रेक हा शेवटचाच असं समजून दाबावा लागतो. माझ्या डिस्कवर निळे डाग आणि बारीक भेगांची जाळी आली होती. जाडी शिल्लक होती खरं एक भेग वाढत बाहेरच्या कडेपर्यंत गेलेली. वरवरची बारीक जाळी बऱ्याचदा चालते, कडेपर्यंत गेलेली भेग चालत नाही, तिथं मायक्रोमीटर बाजूला ठेवायचा आणि डिस्क भंगारात टाकायची. टाकली.

टिळकवाडी

मी घरीच बदलतो, पुढच्या तेवढ्या. ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी अडणाऱ्या जागा लिहितो, बाकी सगळं सोपं आहे.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. नुसत्या जॅकवर हात घालायचा नाही, खाली स्टँड पाहिजे. कॅलिपर सोडला की तो तारेनं स्प्रिंगला बांधा, ब्रेकच्या पाइपला लोंबकळत ठेवला तर पाइप आतून फाटतो आणि ते बाहेरून कळतही नाही. डिस्क हबला चिकटली असेल तर हातोडी उचलायच्या आधी डिस्कच्या मधल्या उंचवट्यावर आट्यांची दोन भोकं आहेत का बघा. पुष्कळ गाड्यांना असतात. बहुधा आठ मिलिमीटरचे बोल्ट त्यात आलटून-पालटून आवळत गेलं की डिस्क आपसूक पुढं सरकते. पिस्टन मागं ढकलताना ब्रेक ऑइलची टाकी बघत राहा. कुणी मध्ये ऑइल भरलेलं असेल तर ते वरून सांडतं आणि रंगावर पडलं की रंग उठतो.

सगळ्यात महत्त्वाचं, गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. ढकललेला पिस्टन परत पॅडला टेकेपर्यंत ब्रेक लागतच नाही. गल्लीच्या तोंडाला हे कळलेलं बरं नाही.

मागच्या डिस्क आणि बटणाचा हँडब्रेक असेल तर घरी हात घालू नका. मोटर सर्व्हिस मोडला घेतल्याशिवाय पिस्टन मागं ढकलला तर यंत्रणा मोडते. काही मागचे पिस्टन तर ढकलायचे नसतातच, फिरवत आत घालायचे असतात.

नवीन सभासद, चंदगड रोड

एक शंका. धुतल्यावर दुसऱ्या दिवशी डिस्क लाल होतात. बदलायला आल्या काय?

उद्यमबागवाला

नाही ओ. उघडं ओतीव लोखंड आहे, एका रात्रीत गंजतं. चार ब्रेक मारले की निघून जातं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहून पापुद्रे सुटले, खड्डे पडले, तर गोष्ट वेगळी. आणि घाट उतरून आल्या आल्या चाकांवर गार पाण्याचा फवारा मारू नका. तापलेलं ओतीव लोखंड तडकतं. अर्धा तास टेकू द्या.

रिटायर ड्रायव्हर काका, खानापूर

पोरांनो, डिस्क-डिस्क करताय, ब्रेक ऑइल कुणी बदललं? ते हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट 4 प्रतीचं ऑइल कोरं असताना 230 अंशांच्या खाली उकळत नाही, पाणी मुरल्यावर ती हद्द 155 पर्यंत उतरते. अनमोडच्या उतारावर उकळलं की पाइपात वाफ, आणि पेडल जमिनीला. नवी डिस्क असो की जुनी, मग काय करणार? माझ्या हातातल्या गाड्यांचं दोन वर्षांनी बदलून घ्यायचो, मालक कुरकुरला तरी.

चोर्ला वारीवाला

काका, पटलं, याच आठवड्यात बदलतो. आणखी एक राहिलं होतं. त्या पोरानं चाक लावताना नट गननं न आवळता टॉर्क पान्ह्यानं, समोरासमोरचे असे आवळले. गननं कमी-जास्त आवळलेल्या नटांनीही डिस्क तिरकी बसते म्हणाला. पंक्चरवाल्याकडं आता मी तेच करायला लावतो. त्याला आवडत नाही.

टिळकवाडी

टॉर्क पान्हा आणि डायल गेज दोन्ही माझ्याकडं आहेत. कुणाला मोजून बघायचं असेल तर या, फक्त सुट्टीच्या दिवशी सकाळी. हबचं तोंड घासायला तारेचा ब्रश तुमचा तुम्ही आणा.