पद्मिनीचा मिक्श्चर स्क्रू आधी फिरवायचा की सगळ्यात शेवटी?

तिलकवाडी पद्मिनी
मंडळी, वडिलांची ८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे, १०८९ सीसी, सोलेक्स कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग). सकाळी चोक ओढला की लगेच सुरू होते पण गरम झाली की स्लोला (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) थरथरते आणि बेळगावात गोवावेसला गाडी थांबवली की बंद. मागून हॉर्न सुरू. दोन महिन्यांत तीन मिस्त्री झाले, तिघांनीही बॉनेट उघडल्या उघडल्या पहिला स्क्रूड्रायव्हर लावला तो मिक्श्चर स्क्रूला, म्हणजे स्लोचं पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणाऱ्या स्क्रूला. चार दिवस बरी चालते, परत तेच.

माझं मत स्पष्ट आहे, त्या स्क्रूला हात सगळ्यात शेवटी लावायचा. आधी पॉइंट (ठिणगीचा करंट तोडणारा-जोडणारा भाग), प्लग, टायमिंग (ठिणगीची वेळ), टॅपेट (व्हॉल्व्हची फट), मग कुठून हवा ओढते का ते बघायचं, आणि हे सगळं जाग्यावर असेल तरच स्क्रू हलका बंद करून दीड आटे उघडून तिथून सुरुवात करायची. दुसऱ्या कशाचा तरी दोष स्क्रूने झाकला की खरा आजार सापडतच नाही.

निपाणी अँबॅसडर
पटलं नाही ओ. चाळीस वर्षं अँबॅसडर चालवालोय, माझ्या मिस्त्रीनं कधी गेज लावलं नाही काय नाही, कान लावतो, नट एक कड फिरवतो आणि गाडी मांजरासारखी गुरगुरते. एसयू कार्बोरेटर हाय माझा. इंजिन गरम करायचं, आतला पिस्टन नखभर उचलायचा, म्हणजे एक मिलिमीटरपेक्षा कमीच, रेस वाढून तशीच राहिली तर मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त), बंद पडायला लागली तर लीन (पेट्रोल कमी), किंचित वाढून परत जाग्यावर आली की झालं काम. दोन मिनिटं लागतात. तुम्ही टॅपेटपासून सुरू केलासा तर अख्खा रविवार जाणार की.

तिलकवाडी पद्मिनी
काका, तुमच्या मिस्त्रीच्या हाताबद्दल शंका नाही. पण एसयूचा नट जेटच (पेट्रोल जिथून येतं ते बारीक भोक) वरखाली करतो, त्यामुळे स्लोपासून फुल रेसपर्यंत सगळं मिक्श्चर बदलतं. सोलेक्सचा स्क्रू फक्त स्लोचं पेट्रोल ठरवतो, पुढचं सगळं मेन जेटवर. म्हणून पिकअपची तक्रार घेऊन गेलं आणि मिस्त्री हा स्क्रू पिळत बसला की मला राग येतो.

खानापूर जांबोटी रोड
दोघंही मूळ कारण सोडून बोलताय असं वाटतं. पेट्रोल बदललंय. फेब्रुवारी २०२३ ला बेंगळुरूत ई२० सुरू झालं, आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालंच मिळतं. नुसत्या पेट्रोलच्या एका भागाला वजनानं १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण साडेतेरा, म्हणजे जुन्या जेटवर गाडी आठेक टक्के लीन चालते. गरम झाल्यावर थरथरणार नाही तर काय होणार. मेन जेट एक नंबर मोठा टाका, आयडल (स्लोचा) जेटही बघा. आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम (आतला पडदा), रबरी पाइप बदला, ते इथेनॉलनं फुगतात आणि चिरतात. ऊस आमच्याच शेतातला, इथेनॉलला माझा विरोध नाही, पण ही गाडी त्यासाठी बनलेली नाही हे मान्य करूया.

उद्यमबाग लेथवाला
जेट बदलायची घाई नको. खानापूरकर, आपण समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर राहतो हे तुम्ही धरलंच नाही. इथं हवा विरळ म्हणून कार्बोरेटर आपोआप साडेतीन-चार टक्के रिच होतो, म्हणजे ई२० नं केलेला अर्धा लीनपणा उंचीच भरून काढते. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलात की मात्र तो फायदा संपला. व्हॅक्यूम गेज (इंजिनची हवेची ओढ मोजणारा काटा) लावणाऱ्यांनीपण ध्यानात ठेवा, पुस्तकात १८ ते २० इंच लिहिलंय ते समुद्रसपाटीचं, दर हजार फुटाला इंचभर कमी, इथं १६-१७ आलं तर इंजिन चांगलं हाय.

आणि कृपा करून तारेनं जेट कोरू नका, पितळ हाय ते, एकदा भोक मोठं झालं की परत येत नाही.

तिलकवाडीकर, तुम्हाला दोन प्रश्न. एक, गाडी गरम असताना चोक जरासा ओढला तर स्लो सुधारतो काय? दोन, तो मिस्त्री मुळात बाइकचा तर नव्हता? कारण बुलेटच्या मिक्कार्ब कार्बोरेटरला एअर (हवेचा) स्क्रू असतो, आत घेतला की रिच. तुमच्या सोलेक्सचा स्क्रू पेट्रोलचा, आत घेतला की लीन. बाइकवर हात बसलेला माणूस सवयीनं नेमका उलटा फिरवतो, हे मी डोळ्यानं बघितलंय. स्क्रू पूर्ण फिरवूनही फरक पडत नसेल तर आयडल जेट तुंबलाय, नाहीतर बटरफ्लाय (रेस दिल्यावर उघडते ती कार्बोरेटरची झडप) जास्त उघडी ठेवलीय.

तिलकवाडी पद्मिनी
चोक ओढला की सुधारतो, लगेच. म्हणजे लीनच.
तिसरा मिस्त्री बाइकचाच होता, हे आत्ता लक्षात आलं.

उद्यमबाग लेथवाला
मग थ्रॉटलच्या दांडीच्या (बटरफ्लाय जिच्यावर फिरते ती) दोन्ही टोकांना कार्ब क्लीनरचा अगदी छोटा फवारा मारा, गरम मॅनिफोल्डवर (इंजिनच्या धुराच्या नळीवर) उडू देऊ नका, पेटतं ते, जवळ बादलीभर माती ठेवा. रेस बदलली की समजायचं तिथून हवा ओढते. इतक्या वर्षांत दांडी आणि बॉडी दोन्ही झिजतात.

तिलकवाडी पद्मिनी
रविवारी सकाळी केलं. डावीकडे मारला तर काही नाही, उजवीकडे मारल्याबरोबर रेस चढली आणि थरथर थांबली, दोनदा करून बघितलं, दोन्ही वेळा तसंच. दांडी हातानं हलवली तर खुळखुळ जाणवते. प्लगपण काढले, चारही पांढरट, काजळी कुठेच नाही. पॉइंटचा गॅप मात्र फार कमी निघाला, तो नीट केला. कार्बोरेटरची बॉडी उतरवून लेथवर दांडीला बुश (झीज भरून काढणारी कडी) मारून घेतो.

खानापूर जांबोटी रोड
बुश मारा, पण पाइप आणि डायफ्रॅम त्याच दिवशी बदला. जेटचं माझं मत तेच हाय. गोव्याला जाऊन या आणि मग चोर्ला चढताना कशी ओढते ते सांगा.

निपाणी अँबॅसडर
हवा ओढत होती हे मानतो. पण बुश बसवल्यावर शेवटी स्क्रू फिरवायला कान लागणारच, गेजवरचा काटा थरथरतो तेव्हा कुठला सिलिंडर मिस करालाय ते कानच सांगतो. गाडी घेऊन निपाणीला या, माझ्या मिस्त्रीसमोर उभी करू.

तिलकवाडी पद्मिनी
येतो काका. स्क्रू दीड आट्यावर ठेवून आणतो, तिथून पुढं त्यांनी कानानं करावं, मी शेजारी गेज लावून बघतो.