बिटकॉइन मायनिंगचं जुनं मशीन (एस१९जे प्रो) स्वस्तात मिळतंय, घेऊ का?

नवा_मायनर
नमस्कार मंडळी. एक जण वापरलेलं अँटमायनर एस१९जे प्रो, १०० टेराहॅशचं (बिटकॉइन मिळवायची गणितं ते किती वेगात करतं त्याचं माप), नव्याच्या मानाने खूपच कमी भावात देतोय. वॉरंटी संपलीय, पण तो म्हणतो एकदम ओके चालतंय, फक्त जागा रिकामी करायचीय. कॅल्क्युलेटरवर टाकलं तर वर्षाच्या आत पैसे वसूल दाखवतंय. साठवलेले पैसे आहेत आणि बुडाले तर परत जमवायला फार वेळ जाईल, म्हणून नीट विचारून घेतोय.

विजेचं_बिल
भाव राहू दे बाजूला, आधी वीज बघ. हे मशीन साधारण ३०५० वॅट ओढतं, म्हणजे दिवसाला ७३ युनिट, खोली थंड ठेवायची वीज वेगळीच. नवं एस२१ ३५०० वॅटमध्ये २०० टेराहॅश देतं, म्हणजे टेराहॅशमागे तुझी ३० ज्यूल वीज जाणार आणि नव्याची साडेसतरा, आणि म्हणूनच तर हे स्वस्त झालंय ना, मोठे फार्मवाले नवीन लावतात आणि जुनी बाजारात काढतात. कॅल्क्युलेटर आजची डिफिकल्टी (बिटकॉइन मिळवणं किती अवघड आहे त्याचं माप) आणि आजचा भाव तसाच राहील असं धरून हिशोब करतो. डिफिकल्टी दर २०१६ ब्लॉकला (ब्लॉक म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांचा गठ्ठा), म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी बदलते. एप्रिल २०२४ च्या हाविंगला, म्हणजे मायनरचं बक्षीस ठरल्याप्रमाणे निम्मं झालं तेव्हा, ब्लॉकमागचं बक्षीस ६.२५ वरून ३.१२५ बिटकॉइन झालं, मशीन तेच, बिल तेच, कमाई निम्मी. तुझ्या वीजदराने, डिफिकल्टी वाढलेली धरून परत हिशोब कर.

सोल्डरवाला
मी हॅशबोर्ड, म्हणजे या मशीनमधले चिप बसवलेले बोर्ड, रिपेअर करतो. बंद मशीन घेऊच नका. समोर चालू करून तासभर तरी तापू द्या, कारण गार असताना सगळं छान दिसतं आणि तापल्यावर चिप गायब व्हायला लागतात. तिन्ही बोर्ड दिसतायत का, कर्नल लॉगमध्ये (मशीनच्या आतल्या नोंदीत) एरर आहेत का ते बघा. चिप एकामागे एक जोडलेल्या असतात, एक गेली की बऱ्याचदा अख्खा बोर्डच बसतो, मग १०० टेराहॅशचं ६६ होतं. स्क्रीनशॉटवर विश्वास नको, तो कुठल्याही मशीनचा असू शकतो. हीटसिंकवर पांढरट हिरवे डाग असतील तर ओलसर जागेत चाललेलं आहे, सोडून द्या. आणि घेतलंत तर पहिल्यांदा कंपनीचं मूळ फर्मवेअर (मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) टाका, माझ्याकडे आलेल्या एका मशीनमधून थोडा हॅशरेट (मशीनची ताकद) गुपचूप दुसऱ्याच कुणाच्या पूलला, म्हणजे मायनरांच्या गटाला, जात होता, मालकाला पत्ताच नाही. हो आणि २२० व्होल्ट लागतं, वायरिंगला सतत तेवढा लोड झेपतो का हे इलेक्ट्रिशियनला दाखवा. आवाज तर ७५ डेसिबल, राहत्या घरात अशक्य.

जुना_रिगवाला
मी २०२२ च्या उन्हाळ्यात इथेरियम या दुसऱ्या क्रिप्टोच्या मायनिंगसाठी, स्वस्त म्हणून सहा ग्राफिक्स कार्ड घेतली, १५ सप्टेंबरला इथेरियम प्रूफ ऑफ स्टेकवर (मायनिंग न लागणाऱ्या पद्धतीवर) गेलं आणि त्याचं मायनिंगच संपलं. फार लागलं होतं मनाला. पण ती कार्ड गेमिंगवाल्यांनी तरी घेतली. हे एसिक (एकाच कामासाठी बनवलेल्या चिपचं मशीन) फक्त एसएचए-२५६, म्हणजे बिटकॉइन मायनिंगचं गणित, करतं, दुसरा काही उपयोग नाही, परवडेनासं झालं की भंगारच.

नवा_मायनर
खूप आभार सगळ्यांचे. माझ्या वीजदराने परत केलं, डिफिकल्टी जराशी वाढवली तरी हातात काहीच उरत नाहीये. त्याला चालू करून दाखव म्हटलं तर म्हणतो आधी अर्धे पैसे पाठव.

सोल्डरवाला
एक रुपयाही पाठवू नका.