चार हजारांत खुकरी: पोलादाचा नंबर बघायचा की पाणी?

डोंगरभटक्या

दिवाळीच्या सुट्टीत अन्नपूर्णा बेस कॅम्पला चाललोय. येताना काठमांडूतून खुकरी आणायची आहे, आणि ती भिंतीवर टांगायला नाही. मुळशीच्या बाजूला आमची थोडी जागा आहे. तिथली घाणेरी, करवंदीच्या जाळ्या आणि बांबू दर पावसाळ्यानंतर अंगावर येतात. बजेट चार हजार, रडतखडत साडेचार.

महिनाभर वाचून माझं मत असं झालंय की पोलादाचा नंबर कळल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. १०७५, १०९५, ५१६० असं काहीतरी पात्यावर किंवा पावतीवर हवं. दुकानदार नुसतं ‘पक्का लोहा, साहेब’ म्हणाला की मी दुकानाबाहेर. हाताने ठोकलेल्या बिननंबरी खुकरीपेक्षा कारखान्यातली परवडली. कुणाला पटत नसेल तर कारण सांगा.

भट्टीवाला

मला पटत नाही. भोसरीत हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये बावीस वर्षं काढली आहेत, त्या जोरावर बोलतो.

नंबर म्हणजे पोलादात काय किती घातलंय त्याची यादी. १०७५ म्हणजे साधारण पाऊण टक्का कार्बन, १०९५ म्हणजे एक टक्क्याच्या आसपास, ५१६० म्हणजे ०.६ टक्का कार्बन आणि जोडीला पाऊणएक टक्का क्रोमियम. पीठ कुठल्या गव्हाचं ते कळलं, पोळी कशी भाजली ते कुठे कळलं? एकाच पट्टीचे दोन तुकडे घ्या. एक लाल करून नीट विझवा (‘पाणी देणं’ म्हणतात ते हेच), दुसरा राखेत सावकाश थंड होऊ द्या. नंबर दोघांचा एकच, पण दुसऱ्याची धार बांबूच्या पहिल्या पेराला वळेल. आणि पहिला नुसता विझवून ठेवला, टेंपर केलाच नाही, म्हणजे पुन्हा हलका तापवून त्याचा जादा कडकपणा तोडला नाही, तर तो काचेसारखे टवके टाकील.

आमच्याकडे एकजण १०९५ चा ठसा असलेली खुकरी घेऊन आला होता. चकचकीत, लेझरने नंबर कोरलेला. धारेजवळ हार्डनेस, म्हणजे कडकपणा, मोजला तर रॉकवेल मापात ४१. तिथे ५५ ते ५८ हवा. ४१ ला ती खुकरी नव्हे, उलथणं.

पोलादी

भट्टीवाले काका, मुद्दा बरोबर, निष्कर्ष चुकला. नंबर असला म्हणजे पाणी चांगलं असेलच असं नाही, कबूल. पण नंबरच माहीत नसेल तर लोहार कुठल्या आचेला विझवणार? तेलात की पाण्यात? १०९५ ला आणि ५१६० ला एकच वागणूक देऊन चालतं का, तुम्हीच सांगा.

आणि नेपाळातल्या स्वस्त खुकऱ्या कशाच्या असतात? भंगारातल्या ट्रकच्या पाट्यांच्या, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या. आयुष्यभर खड्डे खाल्लेला पाटा. त्यात केसासारख्या चिरा असू शकतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि ठोकून बुजतही नाहीत, कारण आतून ऑक्साइड धरलेला असतो. अशी खुकरी वीस वर्षं चालेल, नाहीतर विसाव्या घावाला मोडून शेजाऱ्याच्या अंगणात जाईल. नव्या पट्टीतून कापलेल्या पात्याला निदान ही भीती नाही.

वर ती ‘मर्सिडीजच्या स्प्रिंगची’ थाप! काठमांडूच्या थामेल बाजारात तीन दुकानांत ऐकली. त्या रस्त्यांवर टाटाचे ट्रक धावताना दिसतात आणि खुकऱ्या मात्र सगळ्या मर्सिडीजच्या.

पाटणचा पाहुणा

(पाटण म्हणजे ललितपूर, साताऱ्याचं नव्हे. नोकरीमुळे सहा वर्षं इथे आहे.)

मर्सिडीजची थापच आहे, हसून सोडून द्यायची. आणि इथे ‘५१६०’ म्हणजे आपल्याकडे कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतात तसं झालंय. भारतीय ट्रकच्या पाट्यांत सिलिकॉन-मँगनीजचं, ईएन ४५ च्या जातीचं पोलाद भरपूर असतं, क्रोमियमवालंही असतं. दोन्ही स्प्रिंगचंच, दोन्ही धक्का सोसणारं, खुकरीला दोन्ही चालतं. भटक्या, पावतीवर तुला हवा तो नंबर लिहून मिळेल रे. पेन त्यांच्याकडेच असतं.

पण लोहाराला कळत नाही, हे मला मान्य नाही. पाहिलेलं सांगतो. पत्र्याची शेड, कोळशाची भट्टी, भात्याच्या जागी आता विजेचा पंखा. पाट्याचा मधला, बोल्टच्या भोकाजवळचा भाग त्याने आधीच कापून टाकला होता. का म्हणून विचारलं तर म्हणाला, पाटा तुटतो तो तिथेच. दोघं आळीपाळीने घण घालत होते, मधे तिसरा पातं फिरवत होता, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आकार आला, घासून झालं. मग अख्खं पातं लालबुंद केलं, धार वर करून धरलं आणि चोचीच्या किटलीतून बारीक धारेने पाणी सोडलं. फक्त धारेवर, पोटाच्या (पात्याच्या फुगीर भागाच्या) बाजूने मागेपुढे, मागेपुढे. पाठ लालच. वाफ विरल्यावर तो पात्याकडे टक लावून बसला. पाठीतली उरलेली आच हळूहळू धारेकडे येते आणि धारेचा कडकपणा तोडते. हेच त्याचं टेंपरिंग. रंग मनासारखा आला तसं पुन्हा पाणी, काम संपलं. अख्खी गोष्ट दोन-तीन मिनिटांची. (चहाची किटली वेगळी असते. मी विचारलं.)

म्हणजे धार कडक, पाठ मऊ. घावाचा धक्का पाठ पिते. कारखान्यात अख्खं पातं एकसारखं कडक केलं की हे होत नाही.

जाता जाता एक. हे काम करणारे कामी, म्हणजे इथली लोहार जात, विश्वकर्मा आडनाव लावणारे, इथल्या १८५४ च्या मुलुकी ऐनात, म्हणजे देशाच्या कायद्यात, अस्पृश्य ठरवले गेले होते. कायद्याने ते १९६३ मध्ये संपलं. खुकरी देशाची शान, आणि ती घडवणारा उंबऱ्याबाहेर. आपल्याला नवीन नाही हे.

आकडीवाला

सगळं वाचलं. मला एक सांगा, घाणेरी आणि बांबू तोडायला खुकरी कशाला हवी? आमच्याकडे कोकणात माणूस कमरेच्या आकडीला कोयती अडकवतो आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत माडावर, पोफळीत, कुंपणावर तीच चालवतो. ती पण पाट्याचीच असते. लोहार ओळखीचा, पाणी उतरलं तर परत भट्टीत घालून देतो. पैसे पाचशे-सातशे. तुमच्या चार हजारांत कोयती, कुऱ्हाड, दोन विळे येतील आणि उरलेल्यात मासे.

खुकरीचं वजन पुढे असतं, घाव चांगला बसतो, मान्य. पण घाणेरीला घाव लागतच नाही, ओढ लागते. ओढायला कोयतीचं पुढचं वळण हवं.

पोलादी

आकडीवाले, हा धागा खुकरीचा आहे.

आकडीवाला

धागा झाडी तोडण्याचा आहे. पहिलं पोस्ट परत वाचा.

वर्कशॉपवाला (नि.)

सैन्याच्या ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रं-हत्यारं दुरुस्त करणाऱ्या शाखेत होतो, दोन वर्षं गोरखा पलटणीसोबत काढली. पोलादावर दोघांनी चांगलं लिहिलंय, पण खुकरी पात्यात मोडलेली मी एकदाच पाहिली. मुठीत सुटलेल्या डझनभर पाहिल्या. तेव्हा भटक्या, नंबर राहू दे, आधी मूठ बघ.

मुठी दोन प्रकारच्या. एकीत पात्याचं शेपूट निमुळतं होत मुठीत शिरतं आणि ‘लाहा’ने, म्हणजे आपल्या लाखेच्या जातीच्या पदार्थाने, चिकटवलेलं असतं. दिसायला देखणी, पण उन्हात गाडीच्या डिकीत ठेवलीस तर लाहा मऊ पडतो. शेपूट मुठीच्या टोकापर्यंत येऊन बाहेर ठोकलेलं असेल तर ठीक, अर्ध्यातच संपलेलं असेल तर राम राम. दुसरीला ‘पानावल’ म्हणतात. पात्याचं लोखंड मुठीच्या पूर्ण रुंदीने मागपर्यंत जातं आणि दोन्ही बाजूंनी लाकूड रिबटांनी ठोकतात. तुझ्या कामाला पानावल घे, शिसवीची. शिंगाची मूठ झकास दिसते, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात तडकते.

आणि म्यानातून काढताना म्यान पाठीकडून धर. चार बोटं धारेच्या बाजूने वेढू नकोस. म्यानाची शिवण तिकडेच असते आणि धार ती कापून बाहेर येते. एका नव्या पोराला पाच टाके पडले होते, खुकरी अर्धीच बाहेर आली होती.

‘एकदा उपसली की रक्त घेतल्याशिवाय म्यान करत नाहीत’ वगैरे ऐकशील, तेव्हा मान डोलाव. आमच्या लंगरमध्ये रोज तिने कांदे चिरायचे.

सुरीप्रेमी

स्टेनलेस का नाही कुणी सुचवत? गंजायची कटकटच नाही.

भट्टीवाला

कारण चार हजारांत जी स्टेनलेस मिळते ती बहुतेक ४२०, म्हणजे टांगायची. चांगलं ४४०सी असलं तरी त्यात क्रोमियम सोळा-सतरा टक्के. झिजत नाही, पण आडवा धक्का बसला की टवका. डी२ पोलादाचं तेच. स्वयंपाकघरात उत्तम, बांबूवर नको. गंजाचं म्हणाल तर काम झालं की पुसायचं, खोबरेल लावायचं आणि पावसाळ्यात म्यानाबाहेर ठेवायचं. चामडं ओल धरतं. एवढंही जमत नसेल तर प्लॅस्टिकची घ्या.

पोलादी, तुमचा चिरांचा मुद्दा मी उडवून लावत नाही. तो धोका आहेच. पण खुकरीची पाठ आठ-दहा मिलिमीटर जाड असते आणि मऊ ठेवलेली असते. चीर धारेपासून निघाली तरी पाठीत जाऊन थबकते. तुम्ही म्हणता तशी कारखान्याची, १०५५ च्या पट्टीतून कापलेली खुकरीसारखी मॅशेटी मी वापरली आहे. जेमतेम तीन मिलिमीटर जाडी. गवताला, कोवळ्या फांदीला झकास. करवंदीच्या बुंध्यावर मारली की नुसती झणझणते.

पोलादी

ठीक आहे, जाडीचं मान्य. पण तुम्ही सगळे जे सांगताय ते चांगल्या लोहाराचं सांगताय. भटक्याला मिळणार थामेलमधला दुकानदार. त्याच्यासमोर उभं राहून हा पोरगा पाणी कसं ओळखणार? नंबरवर निदान भांडता तरी येतं.

पाटणचा पाहुणा

हा प्रश्न खरा आहे. थामेलमधून घेऊच नकोस, निदान पहिल्या दिवशी तरी. दुकानदाराला एकच विचार: कुठल्या कामीची, आणि तिथे नेशील का? जो नेतो त्याच्याकडून घे. भोजपूर, धरान ही जुनी नावं, पण तुझ्या ट्रेकला ती उलट्या दिशेला, पूर्वेकडे. काठमांडूच्या आसपासही काम चालतं. फक्त दसैंला (इथला दसरा) गावी गेलेले पुष्कळ कारागीर तिहार (इथली दिवाळी) उरकूनच परततात, म्हणजे तुझ्या दिवाळीत शेडला कुलूप असायची शक्यता जास्त. ट्रेक आधी कर, खरेदी शेवटी ठेव.

किंमत सांगताना नेपाळी रुपये की भारतीय, ते विचार. १ रुपयाला १.६० नेपाळी, ठरलेला दर. तुझे चार हजार म्हणजे तिथले सहा हजार चारशे. पानावल, साधी मूठ, कोरीवकाम नको, एवढ्यात बसेल. सिंहाचं तोंड असलेली मूठ मागितलीस तर पैसे सिंहाला जातील.

भट्टीवाला

ओळखण्याचं मी सांगतो. बारीक कानस घे, दुकानदाराला विचारून पात्यावर दोन ठिकाणी हलकी फिरव. पाठीजवळ ती लगेच धरते, भुसा पडतो. पोटाजवळच्या धारेवर घसरली पाहिजे, निदान नाखुशीने धरली पाहिजे. दोन्हीकडे सारखीच धरत असेल तर पाणी दिलेलं नाही. टोकाकडे आणि मुठीजवळ धार थोडी मऊ लागेल, तो दोष नव्हे, पाणी पोटालाच जास्त देतात. कानस फिरवू न देणाऱ्याकडून घेऊ नये. तुझ्या नंबराच्या अटीच्या जागी ही अट ठेव.

वर्कशॉपवाला (नि.)

एक राहिलं. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं हत्यारांच्या यादीत येतं, शेतीची आणि घरगुती अवजारं वगळून. लांबी सगळे बघतात, रुंदी कुणी बघत नाही, आणि खुकरीचं पोट दोन इंचांच्या पुढे सहज जातं. ती शेतीची की लढाईची यावर नाक्यावर हवालदाराशी वाद घालू नकोस, विशेषतः पुण्यात, कोयता गँगच्या बातम्यांनंतर. मनाई आदेशही अधूनमधून असतातच. साडेआठ इंची घे, पोट मोजून घे, जागेवरच ठेव. गाडीत घेऊन फिरू नकोस.

आकडीवाला

कोयतीला हे काही नाही.

वर्कशॉपवाला (नि.)

कोयती स्वारगेटला कमरेला लावून उभे राहा, मग बोलू.

डोंगरभटक्या

सगळ्यांचे आभार. नंबराचा हट्ट सोडला, पण पूर्ण नाही: नव्या पट्टीची आणि कामीने पाणी दिलेली अशी मिळाली तर तीच घेईन, पोलादींचा मान राहील. नाहीतर पाट्याची, पानावल, साडेआठ इंची. आकडीवाले, घाणेरीसाठी कोयती वेगळी घेतोच, लोहाराचं गाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. उद्याच बारीक कानस आणून सॅकच्या वरच्या कप्प्यात टाकतो.

पाटणचा पाहुणा

वरच्या कप्प्यात नको. चेक-इनच्या बॅगेत टाक. खुकरीसुद्धा येताना तिथेच. त्रिभुवन विमानतळावर माझी एक चांगली कानस गेली आहे.